जरा टेकून उभी राहा

१

“नाही गं आई, त्रास कसला तिचा? बोलतच नाही. घरात एक नवीन कपाट आलंय असं समजायचं. पहिले दोन दिवस अडखळायला होतं, तेवढंच.”

कपाट म्हणजे मी. अरुंधतीताई स्वयंपाकघरात फोनवर माझ्या सासूबाईंशी, म्हणजे स्वतःच्या आईशी बोलत होत्या आणि मी पलीकडच्या टॉयलेटमध्ये ओले हात घेऊन उभी होते. जर्मन लोक भिंती जाड बांधतात असं उत्कर्ष कौतुकाने सांगतो. ही एक त्यांच्या नजरेतून सुटली असावी. फोन ठेवल्याचं कळल्यावर मी दहापर्यंत मोजलं, उगाच एकदा फ्लश केलं आणि बाहेर जाऊन थालीपिठं थापायला घेतली.

लग्नानंतर गेर्लिंगेनला येऊन मला चार महिने झाले होते. उत्कर्ष इथे इंजिनियर आहे. ताई त्याची थोरली बहीण. त्या आणि शिरीषराव वीस वर्षांपासून इथे, स्वतःचं घर, आणि त्या घराच्या पोटातल्या, अर्ध्या जमिनीखाली असलेल्या दोन खोल्या आमच्या. बाहेर भाड्याचं घर मिळायला वर्ष-दीड वर्ष लागतं. तोवर आम्ही त्यांच्या जिवावर आहोत असं कोणी बोलून दाखवत नसे. बोलायची गरज नव्हती.

त्यांची मुलगी अन्वी अठरा वर्षांची. नुकतीच तिची आबी झाली होती, म्हणजे इथली शाळेची शेवटची परीक्षा, आणि आता फोटो हवे होते. शाळेने ठरवलेला फोटोग्राफर निळ्या पडद्यापुढे बसवतो आणि सगळी मुलं दातांच्या डॉक्टरच्या जाहिरातीत असल्यासारखी दिसतात, हे तिचं म्हणणं. तिला भिंत हवी होती. शहराकडे जाताना एक बंद पडलेलं हालेनबाड लागतं, छताखालचा पोहण्याचा तलाव. त्याच्या मागच्या भिंतीवर लोक स्प्रेने चित्रं काढतात.

“आजीला पाठवायचेत गं फोटो,” शिरीषराव म्हणाले. “तिला वाटेल, नात रस्त्यावर आली.”

“नाइन, पापा. डास इस्ट कुन्स्ट.” ही कला आहे, असं. अन्वीला मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये यायचं. मग तिने माझ्याकडे बोट केलं आणि जर्मनमध्येच म्हणाली, मामी काढेल की.

बार्शीला माझ्या बाबांचा स्टुडिओ आहे. आठ वर्षं मी तिथे रिटचिंग केलंय, पासपोर्टपासून लग्नाच्या अल्बमपर्यंत. या घरात कोणी माझ्याकडे काही मागण्याची ही पहिलीच वेळ होती. मी मान डोलावली.

“काढ बाई,” ताई म्हणाल्या. “फक्त तो ओठावरचा तीळ तेवढा घालवशील ना कॉम्प्युटरवर? आणि पुढचा दात जरा सरळ. आणि रंग, म्हणजे फार नको, थोडासाच उजळ.”

अन्वी समोरच बसली होती. तिच्या वरच्या ओठाच्या डावीकडे मिऱ्याएवढा उठावदार तीळ होता, त्यातून एक केस उगवायचा आणि ती तो चिमट्याने उपटायची. पुढचा एक दात शेजारच्यावर चढलेला. डावा डोळा थकली की किंचित आत वळायचा. तिने थालीपिठाच्या मधल्या भोकातून माझ्याकडे बघितलं आणि तोच डोळा मिचकावला. मला ती त्या घरातली एकमेव जिवंत वस्तू वाटायची. बाकी फर्निचर, माझ्यासकट.

२

शनिवारी सकाळी दहाला गेलो. मी, अन्वी आणि तिची मैत्रीण लेओनी, जिच्या नाकागालांवर इतके भुरे ठिपके होते की बाबांनी तिला आधी तोंड धुऊन यायला सांगितलं असतं.

हालेनबाडच्या काचांना आतून पुठ्ठे लावले होते. मागची भिंत दोन बस एकापुढे एक उभ्या केल्या तर होईल इतकी लांब. चित्रावर चित्र, त्यावर आणखी चित्र. कडेला रंगाचा पोपडा सुटला होता तिथे त्याची जाडी दिसत होती. बोटाच्या पेराएवढी, थरावर थर. खालचा थर ओला होता.

आणि मधोमध एका बाईचा चेहरा, जमिनीपासून पार छतापर्यंत.

मला तो पाहताक्षणी आवडला नाही, आणि कारण निव्वळ धंद्यातलं होतं. त्यावर काहीच नव्हतं. नवशिका रिटचर स्लायडर शेवटपर्यंत ओढतो तेव्हा माणसाचं जे होतं, तसं. ना रंध्र, ना सुरकुती, ना नाकाच्या बाजूची सावली. रंग कोणाच्याच कातडीचा नव्हता. दूध तापवून विसरलं की वर जी पिवळट साय धरते, तसा काहीसा. ओठ मिटलेले, डोळे उघडे, आणि दोन्ही डोळे अगदी एकसारखे. कोणाचेच नसतात तसे.

“शोन, ओडर?” अन्वीने विचारलं. सुंदर आहे ना?

“मोठी आहे,” मी म्हणाले.

तिथे वास येत होता. न्हाणीच्या जाळीत अडकलेल्या केसांचा वास, आणि त्यावर क्लोरीन. तलाव आठ वर्षं कोरडा आहे असं लेओनी म्हणाली. कुठेतरी पाइप गळत असेल, मी मनात म्हटलं. जर्मनीतही पाइप गळतात.

पहिले वीसेक फोटो फुकट गेले. दोघी शाळेच्या रांगेत असल्यासारख्या ताठ. मग मी बाबांचं ठरलेलं वाक्य वापरलं, जे मी आयुष्यात हजारदा तरी म्हटलं असेल.

“जरा टेकून उभी राहा. अंग सैल सोड. मान मागे, हां. गाल लाव भिंतीला.”

गाल लाव, हे मीच म्हणाले. ते मला नोंदवायलाच हवं.

ती टेकली आणि फोटो एकदम जिवंत झाले. मग लेओनी टेकली. प्रत्येक वेळी त्या भिंतीपासून बाजूला होताना बारीकसा आवाज यायचा, उन्हाळ्यात रेक्झिनच्या सीटवरून उघडी मांडी उचलताना येतो तसा. भिंत उत्तरेकडची, तिथे ऊन येतच नाही. तरी मी तोल सांभाळायला हात टेकला तेव्हा ती कोमट होती. कोमट आणि दमट. तापात घाम फुटलेल्या माणसाची पाठ असते ना, तशी.

मी हात जीन्सला पुसला. रंग ताजा असेल. हाताकडे पाहिलं, तर रंग लागलेला नव्हता. घरी जाताना मुली बसमध्ये मागे बसल्या; मी पुढे बसून तो आणखी तीनदा पुसला.

३

बाबांचा एक नियम आहे. पुटकुळी काढायची, ती आठवड्याने जाणारच असते. तीळ ठेवायचा, तो पासपोर्टच्या फॉर्मवर ओळखीची खूण म्हणून लिहिलेला असतो. गिऱ्हाइकाने हट्ट धरला तर काढायचा, पण मूळ फोटो जपून ठेवायचा. ताईंसाठी दोन प्रती करायच्या, एक तिळासकट आणि एक बिनतिळाची, असं ठरवून रविवारी मी लॅपटॉप उघडला.

फोटो क्रमांक चाळीसपर्यंत तीळ होता. एकेचाळीसपासून नव्हता.

आधी वाटलं सावली. मग वाटलं कोन. मी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, इतका की ओठ म्हणजे नुसते गुलाबी चौकोन राहिले. तीळ नव्हता. मी अजून कशालाही हात लावलेला नव्हता, नुसते कार्डवरून उतरवून घेतले होते. मी मागे गेले. चाळीस, आहे. एकेचाळीस, नाही. मधल्या वेळात तिने गाल भिंतीला लावला होता.

लेओनीचे फोटो पाहिले. शेवटच्या दहामध्ये तिचं नाक सोललेल्या बटाट्यासारखं स्वच्छ.

शेवटी मी ते केलं जे खरं तर पहिल्यांदा करायला हवं होतं. मी फोटोतली पाठीमागची भिंत पाहिली. त्या बाईच्या वरच्या ओठाच्या डावीकडे एक ठिपका होता. शनिवारी आम्ही तिथे पोचलो तेव्हा नव्हता, याची मी शपथ घेते. इतका रिकामा चेहरा मी विसरणारच नाही. मी मोठा केला. ठिपका सपाट नव्हता, त्याची खाली सावली पडली होती. आणि त्यातून एक केस आला होता.

मी लॅपटॉप मिटला.

“झाले का फोटो?” ताई जिन्यावरून खाली आल्या. त्या ठोठावत नाहीत, घर त्यांचंच आहे. मी काही म्हणायच्या आत त्यांनी लॅपटॉप उघडला. “अगंबाई. शमिका. काय सफाईने काढलास गं तीळ. खूणसुद्धा नाही.”

त्या क्षणी मला सांगता आलं असतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. चार महिन्यांत पहिल्यांदा.

“सवय आहे,” मी म्हणाले.

४

सोमवारी संध्याकाळी वर जेवायला बसलो. अन्वी वरण-भात खात होती. मी तिच्या ओठांकडे बघत होते आणि भात गिळला जात नव्हता. तीळ तिच्याही तोंडावर नव्हता.

“मेकअप केलास का गं?” शिरीषरावांनी विचारलं.

“नाही बाबा,” अन्वी म्हणाली.

सगळ्यांचे हात थांबले. तीळ गेल्याचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. लक्षात आलं ते हे, की मुलीने मराठीत उत्तर दिलं होतं. पापा नाही, बाबा.

“अजून वरण वाढू?” ताईंनी जपून विचारलं, पक्षी उडून जाईल अशा धास्तीने.

“हो आई. थोडंसंच.”

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं त्यांनी त्यासाठी गोष्टींची पुस्तकं मागवली होती, रविवारचे वर्ग घेतले होते, उन्हाळ्यात पुण्याला नेऊन ठेवलं होतं. आता ते अलगद ताटात पडलं होतं. उच्चार इतके स्वच्छ की रेडिओ लावलाय असं वाटावं. कुठे अडखळणं नाही, कुठे मधेच जर्मन ‘आल्झो’ नाही. मी तिच्याकडे बघून डोळा मिचकावला. तिने माझ्याकडे पाहिलं. दोन्ही डोळे अगदी सरळ, एकसारखे. ती छान हसली. तिचा पुढचा दात रांगेत होता.

खाली आल्यावर मी उत्कर्षला विचारलं, “तुला काही जाणवलं?”

“मोठी झाली गं ती. आबी झाली की होतात.”

“तीळ कुठे गेला तिचा?”

“लेझर केलं असेल. इथे पंधरा मिनिटांत करतात.”

“आणि दात?”

“दाताचं मला काय माहीत? मी तिचा मामा आहे, डेंटिस्ट नाही.” त्याने दिवा घालवला. मग अंधारात खुशीत म्हणाला, “ताईने आज तुझं नाव घेतलं, ऐकलंस? एरवी ‘तुझी बायको’ म्हणते. शमिकाचा पायगुण चांगला आहे म्हणाली.”

मी पांघरूण ओढून घेतलं. मला गप्प बसणं चांगलं जमतं, त्याबद्दल दुमत नव्हतं.

५

बुधवारी माझा जर्मनचा वर्ग दुपारी सुटला. हालेनबाडच्या स्टॉपवर मी उतरले. आपण मूर्खपणा करतोय हे एकदा डोळ्यांनी बघून घ्यावं, म्हणजे भात तरी जेवता येईल, एवढाच विचार होता.

अन्वी तिथे आधीच होती. ताईंना तिने लायब्ररीत जाते म्हणून सांगितलं होतं.

ती एकटीच भिंतीला टेकून उभी होती. फोटो काढणारं कोणी नव्हतं. हात सैल, गाल भिंतीला, डोळे मिटलेले. तान्हं मूल पिताना जसं नुसत्या नाकाने श्वास घेतं, तसा बारीक आवाज येत होता. तिच्याकडून येतोय की भिंतीकडून, ते मला ठरवता येईना. मी तिला हाक मारली. दुसऱ्या हाकेला तिने डोळे उघडले आणि ती भिंतीपासून सुटली. या वेळी आवाज जरा मोठा होता. तिच्या गालावरून भिंतीपर्यंत काहीतरी लांबलं, पातळ, लाळेसारखं, आणि तुटलं. तिने गाल पुसलाही नाही.

“मामी, तुम्ही? चला, घरी जाऊ या.”

ती मला ‘तू’ म्हणायची. तिने मला कधीच ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं.

“पुढे हो, मी आलेच,” मी म्हणाले, कारण मला ते जवळून बघायचं होतं.

चेहरा आता रिकामा नव्हता. नाकावर भुऱ्या ठिपक्यांचा पट्टा आला होता. कपाळावर कोणाच्या तरी टाक्यांची जुनी खूण. हनुवटीवर पुटकुळ्या, पिकलेल्या, पांढऱ्या तोंडाच्या. आणखीही कोणी कोणी इथे येऊन टेकून गेलं असणार. शहरात परीक्षा संपल्या होत्या, फोटोंचेच दिवस होते. आणि तो तीळ माझ्या डोक्याच्या उंचीवर, संत्र्याएवढा. त्यातला केस दोरीसारखा जाड होता.

मी त्याला बोट लावलं. का लावलं, विचारू नका. आठ वर्षं मी माणसांचे चेहरे बोटभर अंतरावरून दुरुस्त केलेत, बोट आपोआप गेलं.

तो मऊ होता. दाबला तसा आत गेला आणि हळूहळू वर आला. आणि सगळी भिंत, पार सायकलस्टँडपर्यंत, शहारली. काटा येतो ना अंगावर, तसा त्या सपाट रंगावर आला.

मी स्टॉपवरच्या कचऱ्याच्या डब्यात ओकले. समोरच्या बाकावरच्या आजीबाईंनी मला टिश्यू दिला आणि पोटाकडे बघून हसून अभिनंदन केलं.

६

शनिवारी आबीबाल होता, शाळेचा निरोपाचा समारंभ. सगळ्या मुली लांब झगे घालणार होत्या आणि अन्वीनेही हिरवा झगा आणून ठेवला होता. शुक्रवारी ती म्हणाली, “आई, मी तुझी पैठणी नेसू का?” ताई सोफ्यावर बसल्या आणि रडल्या. मग पैठणी काढली आणि नेसवायला मला बोलावलं.

मी निऱ्या घातल्या, पदर घेतला. ती हलत नव्हती. नेसवताना मुली हलतात, गुदगुल्या होतात, मोबाइल बघतात. ती दुकानातल्या पुतळ्यासारखी हात किंचित बाजूला धरून उभी. तिच्या अंगाला वास येत होता. न्हाणीच्या जाळीचा.

खांद्यावर पिन लावताना माझा हात निसटला आणि पिन ब्लाउजच्या वर, मानेजवळ, चांगली अर्धा इंच आत गेली. ती काही बोलली नाही. रक्तही आलं नाही. मी पिन ओढली तर तिच्यासोबत कातडीचा एक तुकडा उचलला गेला. नखाएवढा, कडक, कडेला जरा मुडपलेला.

तुकडा माझ्या तळहातावर होता. वरचा थर अन्वीच्या रंगाचा. जरासा उजळ. त्याखाली मोरपंखी थर, त्याखाली चंदेरी, मग काळा, मग गुलाबी. सगळ्यात खालचा ओला होता.

“राहू दे मामी,” आरशातली अन्वी म्हणाली. “पदराखाली झाकलं जाईल.”

मी बाथरूममध्ये जाऊन तुकडा फ्लश केला. तो तरंगत राहिला. तीनदा फ्लश करावं लागलं. हात इतके धुतले की कातडी फाटली, आणि ते पाहून मला बरं वाटलं, कारण आत लाल होतं.

बाहेर ताई उभ्या होत्या. “किती गुणी झाली ना गं,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “मध्यंतरी तर तोंड वर करून बोलायची. इथे जवळपास नको, बर्लिनला शिकायला जाते, एकटी राहते, काय नि काय. आता म्हणते, इथेच राहीन तुमच्याजवळ.” त्यांनी माझा हात धरला. “उद्या आबीबालच्या आधी आपण सगळे त्या भिंतीपुढे एक फोटो काढू. तीच म्हणाली. आपण सगळे टेकून.”

“ताई, बागेत काढू या का? उजेड चांगला असतो.”

“नाही गं. तिला तिथेच हवाय.”

“ताई, तुम्ही तिच्या मानेकडे पाहिलंत का?”

त्यांनी माझा हात सोडला. माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला कळलं, त्यांनी पाहिलं होतं. मानेकडेच नाही, सगळीकडे. आई आहे ती.

“तुला या घरात आम्ही काही कमी केलंय का, शमिका?” त्या म्हणाल्या.

७

शनिवारी दुपारी चार. जून संपत आलेला, ऊन पांढरंशुभ्र. रात्रभर मी उत्कर्षला सांगत होते आणि तो मला डॉक्टरची अपॉइंटमेंट घेऊ या म्हणत होता. आता तो रिफ्लेक्टर धरून माझ्या बाजूला उभा होता, तोंड कडू करून. निदान तो भिंतीला टेकणार नव्हता. तेवढं मी रडून मिळवलं होतं.

मधे अन्वी पैठणीत, डावीकडे ताई, उजवीकडे सूट घातलेले शिरीषराव. मी कॅमेरा डोळ्याला लावला तेव्हा मला वाटलं होतं, मी फक्त त्यांच्याकडे बघेन, तीन फोटो काढेन आणि निघेन. खालच्या त्या दोन खोल्या राहतील, पायगुणही टिकेल.

“जरा टेक ना,” शिरीषराव ताईंना म्हणाले. माझं ते वाक्य आता त्यांच्याकडे गेलं होतं.

“थांबा,” मी म्हणाले. “आधी अन्वी एकटी एक पाऊल पुढे.”

ती पुढे आली. तिच्या मानेमागून, दंडांमागून, पैठणीच्या काठामागून पिवळट तंतू लांबत आले, शंभरएक, ताणून पातळ होत गेले, आणि तुटले नाहीत. ती त्यांच्यासकट हसत उभी राहिली. लेन्समधून सुंदर दिसत होती. एकही खोट नाही. कोणीही पसंत केली असती.

तिच्या खांद्यावरून मला भिंतीवरचे ओठ दिसत होते. ते आता मिटलेले नव्हते. आतला पुढचा दात शेजारच्या दातावर चढलेला, ओला. डावा डोळा किंचित आत वळलेला, थकल्यावर वळतो तसा. तो लेन्सकडे बघत नव्हता. लेन्समागे माझ्याकडे बघत होता. भिंतीतून, पोपड्यांच्या खालून, तोंडात बोळा कोंबल्यासारखा आवाज आला.

“मामी,” आणि मग, “बिटे.”

बिटे म्हणजे प्लीज. वर्गात पहिल्या दिवशी शिकवतात. पुढे उभ्या असलेल्या अन्वीचे ओठ हसण्यात मिटलेले होते, ते हलले नव्हते.

उत्कर्षच्या हातातला रिफ्लेक्टर वाजला. म्हणजे त्यानेही ऐकलं.

ताईंचं हसू जिथल्या तिथे थांबलं. शिरीषरावांनी हात लांब करून पुढच्या अन्वीचा खांदा पकडला, पैठणीवर बोटं रुतेपर्यंत. दोघांच्या माना आखडलेल्या मला स्पष्ट दिसत होत्या. दोघंही वळले नाहीत.

“बिटे,” मागून पुन्हा आलं. लहान मुलासारखं.

“शमिका,” ताई समोर बघत, ओठ न हलवता म्हणाल्या, “काढ ना लवकर फोटो. किती छान दिसतेय ती. काढ आणि घरी जाऊ.”

मी कॅमेरा खाली घेतला. आवाज मला वाटला होता त्याहून मोठा निघाला.

“दोघांनी मागे वळून बघा,” मी म्हणाले, “आणि मग तुम्हीच सांगा, यातली कुठली घरी न्यायची.”